तिसऱ्या ओळीनंतर

‘ताई, नमस्कार. मी सोलापुरात पूर्व भागात राहतो, वय ३८. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग सांभाळणारा मुकादम. घरात तेलुगू, शाळा मराठी, तीही रात्रीची. दिवाळीआधी आमच्या मोठ्या जॉबरांचा निरोप समारंभ झाला. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, म्हणून बोलायचं माझ्यावर आलं. यूट्यूबवर बघून भाषण लिहिलं, आठ दिवस पाठ केलं. दोन ओळी म्हणालो आणि तिसरी गेली. खिशातून कागद काढला, तर हात इतका थरथरला की अक्षर दिसेना. “एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो” म्हणालो आणि बसलो. लोक हसले. मोठे जॉबर हसले नाहीत, त्यांनी पाठीवर हात ठेवला. तेच जास्त लागलं. आता पुढच्या महिन्यात माझ्या रात्रशाळेनं माजी विद्यार्थी म्हणून दहा मिनिटं बोलायला बोलावलंय. एका क्लासवाल्यांनी सांगितलं, संवादात ९३ टक्के देहबोली आणि आवाज असतो, शब्द फक्त ७ टक्के. आठ हजार भरा, ते ९३ टक्के आम्ही शिकवतो. भरू का? माझ्या मराठीत तेलुगू येतं, मुलं हसतील ही भीती वेगळीच. बायकोला विचारलं तर म्हणाली, “तुम्ही घरात तरी कुठं बोलता?” – एक जॉबर’

भाऊ,

आठ हजार सध्या खिशातच राहू द्या. क्लासचं काय करायचं ते सांगते, पण आधी त्या ९३ टक्क्यांचा निकाल लावू. ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

अल्बर्ट मेहरेबियन नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन छोटे प्रयोग केले. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात म्हटलेले लोकांना ऐकवले, एका प्रयोगात सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले, आणि विचारलं, बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल काय वाटतंय? शब्द गोड आणि सूर तिखट असला तर माणसं कुणाचं खरं मानतात, एवढंच बघायचं होतं. दोन्ही प्रयोगांची सांगड घालून ७, ३८ आणि ५५ हे आकडे निघाले: शब्द, आवाज, चेहरा. पसंती-नापसंती, भावना यांच्याबद्दलचं बोलणं सोडून इतर कुठं हे लावू नका, असं खुद्द मेहरेबियन यांनीच सांगून ठेवलंय. म्हणजे वहिनी ‘काही नाही झालं’ म्हणाल्या आणि पातेलं आपटलं, तर पातेल्यावर विश्वास ठेवा. तेवढ्यापुरतं ते खरं. पण ‘सहा नंबरच्या मागाचा बीम संपत आलाय, दुपारपाळी लागायच्या आत बदल’ (बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) हे तुम्ही तोंड मिटून, नुसत्या देहबोलीनं सांगून दाखवा. ९३ टक्के राहू द्या, सात टक्के तरी पोचतं का बघा.

गंमत अशी, की तोंड न वापरता बरंच काही पोचवायची विद्या तुमच्याकडं आधीच आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये कोण कुणाचं ऐकतो? इंग्लंडात लँकेशायरच्या कापडगिरण्यांतल्या बायकांनी या खडखडाटावर उपाय म्हणून ओठांच्या मोठमोठ्या हालचाली करून बोलायची एक रीतच पाडली होती. ‘मी-मॉइंग’ म्हणायचे तिला. आपल्याकडं तिला नाव नाही, पण तुम्हीही तेच करता. माझा एक जुना विद्यार्थी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे, त्यानं मला एकदा कारखाना दाखवला. तिथला जॉबर काय करत होता ते मी दारात उभी राहून बघितलं. लांबून ओरडला नाही. चालत कामगारापर्यंत गेला, त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, नजर मिळाल्यावर चार शब्द बोलला, आणि मान हलेपर्यंत थांबला. मान हलली नाही, तेव्हा तेच शब्द जास्त मोठ्यानं म्हणाला नाही. हातानं बीमकडं दाखवून दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलं.

संवादाची मुळाक्षरं म्हणून जे शिकवतात, ते यापलीकडं फार नाही. १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन इंजिनिअरनं टेलिफोनच्या तारांवरून निरोप कसा जातो याचं गणित मांडलं. सांगणारा, मार्ग, ऐकणारा आणि या सगळ्यात घुसणारा गोंगाट. गोंगाट असणारच, तो धरूनच निरोप बांधायचा, थोडं पुन्हा सांगायचं, हा त्यातला कामाचा भाग. माणसांच्या बोलण्याला त्यांचं गणित जसंच्या तसं लागत नाही, पण गोंगाट लागतो. निरोप समारंभात हॉल शांत होता. गोंगाट तुमच्या डोक्यात होता: तिसरी ओळ काय, तिसरी ओळ काय. समोर चाळीस ओळखीची माणसं बसलेली, आणि तुम्ही एकाकडंही बघत नव्हता. बघत होता ते डोक्यातल्या कागदाकडं.

माझं सांगू? सत्तावीस वर्षं शाळेत शिकवताना मी गावभर सूत्रसंचालन केलं. एकदा एका शोकसभेचं निवेदन आलं. कार्यक्रमाची सुरुवात कशी करायची हे जिभेवर इतकं बसलेलं, की माइक हातात आला आणि मी म्हणाले, ‘आज आपण सर्व इथं जमलो आहोत, याचा मला मनस्वी आनंद होत आहे.’ पहिली रांग माझ्याकडं बघत राहिली. दिवंगतांच्या पत्नीनं पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तुमची ओळ गेली, माझी आली, रोग एकच.

टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात, हेही मला कारखाना बघितला त्या दिवशी कळलं. एका बीमचा ताणा घट्ट ताणलेला, त्यावर कापड उभं राहतं. दुसरा पाइलचा, म्हणजे फासांच्या धाग्याचा, तो सैल सोडतात, आणि त्या सैलपणामुळंच फणीचा ठोका बसला की धाग्याचे फास वर येतात. टॉवेल पाणी टिपतो तो त्या फासांनी. (काही चुकत असेन तर कळवा, मी शाळामास्तरीण.) दोन्ही बीम सारखेच ताणले तर काय होईल? साधं कापड. तुम्ही भाषण पाठ केलंत म्हणजे दोन्ही बीम आवळलेत. मुद्देही ताणलेले, शब्दही ताणलेले. मग एक धागा तुटला की माग बंद.

म्हणून आता फक्त एकच बीम ताणायचा. चार मुद्दे, कोणत्या क्रमानं येणार, शेवटचं वाक्य कोणतं: एवढं पक्कं. बाकी शब्द सैल सोडा. रोज सरावात ते वेगळे यावेत, तेच बरं. सुरुवातीचं एक वाक्य आणि शेवटचं एक वाक्य मात्र पाठ असू द्या. उभं राहिल्या राहिल्या डोकं चालत नाही, तेव्हा जीभ आपोआप चालली पाहिजे. आणि शेवट पाठ असला की ‘दोन शब्द संपवतो’ म्हणायची पाळी येत नाही.

सुरुवातीचं वाक्य कुठलं? ‘व्यासपीठावरील मान्यवर, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो’ हे नको. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून मराठी माणूस व्याख्यानं ऐकतोय. दीडशे वर्षांत आपल्या कानांना ही एक खोड लागली: मायना सुरू झाला की ऐकणं बंद करायचं आणि मायना संपला की बघू म्हणायचं. मुख्याध्यापकांना नमस्कार करा, मुलांना नमस्कार करा, आणि सरळ कामाला लागा.

आता मुलांचा विचार करू. बहुतेक वक्ते आपण काय सांगणार याचा आठ दिवस विचार करतात, समोर कोण बसणार याचा आठ मिनिटंही नाही. रात्रशाळेत संध्याकाळी कोण येतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? दिवसभर दुकानात, गॅरेजमध्ये, कारखान्यात उभी असलेली पोरं. पाय दुखतायत, पोटात भूक, डोळ्यांवर झापड. त्यांना तुम्ही ‘कष्टाला पर्याय नाही’ म्हणालात, तर ती मनात म्हणतील, आता आणखी किती करू. कष्टाबद्दल त्यांना सांगू नका, त्यांना ते तोंडपाठ आहे. त्यांना हे ऐकायचं असेल की शाळा सोडावी असं तुम्हाला कधी वाटलं, कुठल्या रात्री वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तरी परत का आलात. एवढी एक गोष्ट नीट आठवा. पाऊस होता का, सायकल पंक्चर होती का, कुठला विषय डोक्यात शिरत नव्हता, बाकावर शेजारी कोण होतं. जितकं बारीक आठवाल तितकं बोलणं सोपं जाईल, कारण डोळ्यांनी बघितलेलं पाठ करावं लागत नाही.

कीर्तनकार हे शेकडो वर्षं करत आलेत. नारदीय कीर्तनाची घडी बघा: नमन, मग पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचं निरूपण, मध्ये नामाचा गजर, आणि उत्तररंगात आख्यान. विचार आधी, गोष्ट नंतर, आणि मध्ये ऐकणाऱ्यांच्याच तोंडून दोन मिनिटं गजर करून घ्यायचा, म्हणजे जे पेंगले ते जागे. तुम्ही तुमच्या दहा मिनिटांत उलटं करा, गोष्ट आधी घ्या. दमलेल्या माणसाला निरूपण झेपत नाही. मधल्या गजराच्या जागी त्यांना एखादा प्रश्न विचारा, हात वर करण्यासारखा: ‘आज सकाळी सात वाजल्यापासून कोण कोण कामावर आहे?’ हात वर येतील. मग तुमचाही वर करा.

दुसरा मुद्दा गणिताचा असू शकतो. जॉबरच्या कामात शाळेतलं काय वापरता? एका लांबीत किती टॉवेल निघतील, सुताचा नंबर, पाळीचं उत्पादन. दोन उदाहरणं बोर्डावर खडूनं सोडवून दाखवा. पाठ वळवून लिहिताना श्वास घ्यायलाही वेळ मिळतो, हा आतला फायदा. तिसरा मुद्दा मोठ्या जॉबरांचा. त्यांच्याबद्दल त्या दिवशी जे राहून गेलं ते इथं बोला. चौथा तुमचा तुम्ही ठरवा, नसला तरी चालेल.

ॲरिस्टॉटलनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सांगितलं होतं, की माणसाला पटतं ते तीन गोष्टींमुळं: बोलणारा कोण आहे, ऐकणाऱ्याची मनःस्थिती काय आहे, आणि मुद्द्यात दम किती. पहिली गोष्ट तुम्ही दारातून आत येतानाच घेऊन येणार. त्याच बाकांवर बसून गेलेला माणूस. हे मोठमोठ्या वक्त्यांना आठ हजार भरूनही मिळणार नाही.

भाषेचं. भाऊ, तुम्ही सोलापुरात राहता की पुण्याच्या सदाशिव पेठेत? इथं भाजी घेताना मराठी, हिशेब करताना कन्नड, भांडताना तेलुगू आणि सौदा तोडताना दखनी हिंदी अशी माणसं मी रोज बघते. ‘काय करलालास बे’ म्हणणाऱ्या गावात शुद्ध मराठीची भीती कुणी कुणाला घालायची? याच गावचे शाहीर राम जोशी. मराठी लावणीत त्यांनी संस्कृत मिसळलं, तमाशाही केला आणि कीर्तनही केलं. लोकांनी दोन्ही ऐकलं. तेलुगू घरातल्या माणसाचं मराठीत लिंग चुकतं, ‘तो टॉवेल’चं कधी ‘ती टॉवेल’ होतं, ते मला माहिती आहे. चुकलं तर चुकलं, थांबून दुरुस्त करत बसू नका. दुरुस्ती केल्यानंच ते लोकांच्या लक्षात येतं. टाळायचं असेल तर उसनं मराठी टाळा. ‘मनोगत व्यक्त करतो’, ‘अनमोल मार्गदर्शन लाभले’ हे शब्द तुम्ही कारखान्यात वापरत नाही, मग जिभेवर तेच अडणार. आणि एक तेलुगू वाक्य मुद्दाम घ्या. रात्री साडेदहाला शाळेतून घरी गेल्यावर आई काय विचारायची? ‘तिन्नावा?’ असंच ना? ‘जेवलास का?’ हा अर्थ मागाहून सांगा, आधी आईच्या सुरात तो शब्द येऊ द्या. निम्म्या वर्गाला त्यांच्या आईचा आवाज ऐकू येईल. हसली तर हसू द्या, ते हसणं वेगळं असतं.

थरथर. हात थरथरणं, तोंडाला कोरड, छातीत धडधड, तळहात गार पडणं, यात भित्रेपणा काही नाही. धोका दिसला की शरीरात ॲड्रेनलिन सुटतं, रक्त मोठ्या स्नायूंकडं वळतं, लाळ आटते. शरीराला कुत्रं आणि श्रोता यांतला फरक कळत नाही. तुमची चूक एकच झाली, थरथरत्या हातात तुम्ही मोठा पातळ कागद धरलात. तो हाताची थरथर दसपट करून अख्ख्या हॉलला दाखवतो. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कोरा भाग पोस्टकार्डाएवढा कापा, त्यावर चार मुद्द्यांचे चार शब्द मोठ्या अक्षरात लिहा. जाड पुठ्ठा थरथरत नाही. तोही टेबलावर ठेवा. उभं राहायच्या आधी चार-पाच वेळा श्वास घ्या, पण भर सोडण्यावर द्या. घेताना चार मोजले तर सोडताना सहा-सात मोजा.

याबाबतचे दोन प्रयोग मला आवडतात. सॅविट्स्की आणि गिलोविच या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवलं, की बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी जेवढी बाहेर दिसतेय असं वाटतं, तेवढी ती ऐकणाऱ्यांना दिसतच नाही. पुढची गोष्ट जास्त कामाची: ज्यांना ही माहिती भाषणाआधीच सांगितली, त्यांची भाषणं त्यांच्या स्वतःच्या मते आणि बघणाऱ्यांच्या मतेही अधिक चांगली झाली. ती माहिती मी आत्ता तुम्हाला दिली, तिचे आठ हजार नाहीत. दुसरा प्रयोग हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचा, २०१४ चा. भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह आलाय’ म्हणणाऱ्यांचं बोलणं ऐकणाऱ्यांना जास्त पटलं. धडधड दोन्हीकडं तीच. धावत्या मागाला शांत हो म्हणण्यापेक्षा त्याच्याकडून काम काढून घेणं सोपं.

आणि थांबायला शिका. आपल्या सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा तुम्ही बघितलाच असेल. संमतीचं वाचन सुरू होतं, समोर माणसांचा समुद्र, मराठी, कन्नड, तेलुगू, सगळे. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ येईपर्यंत सगळे अक्षता मुठीत धरून थांबलेले असतात. त्या थांबण्याला वजन असतं. तुम्ही मुद्दा संपला की मनात तीन मोजा. तुम्हाला ते तीन तास वाटतील, ऐकणाऱ्याला एक श्वास. आपण ती जागा ‘म्हणजे’, ‘काय आहे की’, ‘अं’ यांनी भरतो, कारण शांतता झाली तर लोकांना वाटेल हा विसरला. विसरलात तरी तेच करा. थांबा, पुठ्ठ्याकडं बघा, पुढचा शब्द वाचा, मान वर करा. विसरलात हे फक्त तुम्हाला ठाऊक. त्या दिवशी हसं विसरण्यानं नाही झालं, बसून टाकण्यानं झालं.

यात्रेच्या याच दिवसांत होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरतो. जमलं तर एक संध्याकाळ पाळण्यांसाठी नको, विक्रेत्यांसाठी जा. दोन विक्रेते शेजारी शेजारी, माल तोच, एकासमोर गर्दी आणि दुसरा माश्या मारतोय. पहिला काय करतो बघा. तो मालाचं कौतुक नंतर करतो, आधी जाणाऱ्यातला एकच माणूस निवडून त्याला प्रश्न विचारतो.

सराव आरशासमोर करू नका. आरशात आपण आपल्यालाच बघतो, आणि ती सवय तर मोडायची आहे. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून किळस येईल, सगळ्यांना येते. आपल्याला आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो म्हणून आतून तो जाड वाटतो, बाहेर तो तसा नसतो. तिसऱ्या दिवशी सवय होते. मग बघा दहा मिनिटांत काय काय बसतं. शाळेत दहा दिली असली तर तुम्ही नऊचं बांधा. वेळेआधी बसलेल्या वक्त्याला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत.

माणसांसमोरचा सराव लागतोच, आणि इथं तुमच्या क्लासचा प्रश्न येतो. १९२४ साली कॅलिफोर्नियात सांता ॲना गावी राल्फ स्मेडली यांनी टोस्टमास्टर्स नावाचं भाषणाच्या सरावाचं मंडळ सुरू केलं, ते आता जगभर पसरलंय. त्यांची रीत अगदी साधी आहे. एक जण बोलतो, एक जण घड्याळ धरतो, एक जण ‘अं’ किती आले ते मोजतो, एक जण शेवटी काय चांगलं झालं आणि काय नाही ते सांगतो. मधे कुणालाही अचानक उभं करून विषय देतात, त्यानं दोन मिनिटं बोलायचं. याला चार माणसं आणि एक चहाची टपरी पुरते. पाळी सुटल्यावर तुमच्या तीन सोबत्यांना पकडा. विषय द्या: ‘बोनस दिवाळीआधी का हवा’, ‘रॅपिअर बरा की जुना माग’. हसतील, हसू द्या. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे.

क्लास वाईटच असतात असं मी म्हणत नाही. चार अटी बघा: दर तासाला प्रत्येकाला उभं करतात का, तुमच्या बोलण्यावर नाव घेऊन बोलतात का, वर्गात पंधराच्या आत माणसं आहेत का, आणि पैसे भरायच्या आधी एक तास बसू देतात का. शिकवणारा स्वतःच दोन तास बोलत असेल, तर तो त्याचा सराव झाला, तुमचा नाही. आणि ज्यानं ९३ टक्क्यांनी सुरुवात केली, त्याच्याकडं मी तरी पाठवणार नाही.

माइकचं थोडक्यात. फुंकर नको, टिचकी नको, तोंडापासून चार बोटं लांब. शेडमधल्या माणसाला ओरडून बोलायची सवय असते, माइक असताना ती विसरा. स्पीकरकडं माइक वळवलात की तो किंचाळणार. वर्ग लहान असेल तर माइक नकोच म्हणा, पोरांच्या जवळ जाऊन उभे राहा.

आता वहिनींचं. त्यांचं वाक्य तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी टाकलंय, जणू ते प्रश्नात मोडत नाही. मी पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा तिथंच थांबले. तुम्ही घरात बोलत नाही, की तुम्हाला नीट ऐकू येत नाही?

रागावू नका. यंत्रमागाच्या आवाजात पाळी काढून आलेल्या माणसाचे कान काही तास बधिर असतात. तसं वर्षानुवर्षं झालं की काही ऐकणं कायमचं जातं, आणि ते आधी उंच स्वरांचं जातं. पुरुषांचा जाड आवाज कळतो. बायकांचे, लहान मुलांचे शब्द अर्धवट पोचतात, ‘स’, ‘फ’ गळून पडतात. आपण ‘काय?’ म्हणतो, दुसऱ्यांदा ‘काय?’ म्हणायची लाज वाटते, मग ‘हं’ म्हणतो. समोरच्याला वाटतं, याला बोलायचंच नाही. कारखान्यात कळत नाही, कारण तिथं सगळेच नजरेनं आणि हातानं बोलतात. ज्या जॉबरला चालत्या मागाच्या आवाजातली बारीक कुरकुर लगेच कळते, त्यालाही हे होतं.

माझा अंदाज चुकीचा असला तर फारच छान. पण कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं ऑडिओमेट्री नावाची तपासणी असते. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राखता येतं. कामावर कानात आवाज अडवणारे इअरप्लग घालायला त्याच दिवसापासून सुरुवात करा. आठ हजारांतले थोडे तिथं खर्च झाले तर मला चालतील.

तोवर एक करा. पाळीवरून आल्यावर अंघोळ, जेवण होऊ द्या, टीव्ही बंद करा, आणि शेडमध्ये करता तसंच वहिनींच्या समोर बसा. रात्रशाळेच्या त्या एका रात्रीची गोष्ट त्यांना सांगा. लग्नाआधीची असेल, त्यांनी कदाचित ऐकलेलीच नसेल. त्या मधेच काही विचारतील, ते कागदावर लिहून ठेवा. मुलंही तेच विचारणार आहेत. आणि टीव्हीचा आवाज रोज कितीवर असतो, हे घरातल्या पोरांना विचारून मला कळवा.